डॉक्टरला पुन्हा पाहुणा होऊ द्या : बीबीसीला नाशिकहून एक खुलं पत्र

प्रति,
नाट्य विभाग, बीबीसी
आणि कार्डिफमध्ये 'डॉक्टर हू' घडवणारी समस्त मंडळी

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितोय, कारण भांडण मातृभाषेतच नीट जमतं. वाचायची अडचण आली तर लंडनमध्ये १९३२पासून महाराष्ट्र मंडळ आहे, तिथलं कुणीतरी हौसेने वाचून दाखवील.

ऑक्टोबर २०२५मध्ये तुम्ही जाहीर केलंत की डिस्नेबरोबरची भागीदारी संपली, मालिकेचे मुख्य लेखक रसेल टी. डेव्हिस २०२६च्या नाताळसाठी एक विशेष भाग लिहिणार आणि मालिका पुढेही चालू राहणार. म्हणजे परक्या पैशाचा दबाव गेला, नव्या हंगामाची घाई नाही, पाटी बऱ्यापैकी कोरी आहे. तिच्यावर पहिली रेघ ओढण्याआधी एका प्रेक्षकाचं ऐकून घ्या.

माझी ओळख थोडक्यात. सातपूर एमआयडीसीत क्वालिटी खात्यात नोकरी करतो. माल नापास का झाला, मशीनमुळे, मटेरियलमुळे की माणसामुळे, हे शोधून कागदावर उतरवणं हे पोटापाण्याचं काम. लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं, इंग्रजी निम्मं डोक्यावरून जायचं, तरी आम्ही चाळीतली पोरं हलायचो नाही. तुमचा डॉक्टर तेव्हा आम्हाला भेटलाच नाही. मला तो भेटला २००५नंतरच्या नव्या अवतारात, डेव्हिड टेनंटच्या लांब कोटात. जुने भाग मी मागाहून पाहिले, आणि तेही उलटे : आधी टॉम बेकर, मग जॉन पर्टवी, सगळ्यात शेवटी कृष्णधवल विल्यम हार्टनेल. हे मुद्दाम सांगतोय, कारण जुनं चांगलं म्हटलं की 'तुमचं बालपण त्यात गेलंय' असं म्हणून लोक मोकळे होतात. माझं बालपण त्यात गेलेलं नाही. मी नवं पाहून जुन्याकडे गेलोय, आणि काही बाबतींत तिकडेच थांबलोय.

ज्या मराठी वाचकांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, बीबीसीवर ती सुरू झाली. डॉक्टर नावाचा एक परग्रहवासी, निळ्या पोलिस बॉक्ससारखं दिसणारं काळात हिंडणारं यान, सोबत एखादं-दुसरं माणूस. डॉक्टर मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं, म्हणजेच नट बदलतो. १९६६मध्ये हार्टनेल यांची तब्येत साथ देईना म्हणून काढलेली ही पळवाट, तिच्याच जोरावर मालिका आजवर टिकली. १९८९मध्ये ती बंद पडली, १९९६मध्ये एक चित्रपट येऊन गेला, २००५मध्ये पुन्हा सुरू झाली.

आता आधी हे सांगतो की मी कशाबद्दल बोलत नाहीये. डॉक्टर बाई झाली, डॉक्टर कृष्णवर्णीय झाला, म्हणून मालिका बिघडली असं म्हणणारी मंडळी तुमच्याकडे आहेत तशी आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही आहेत. त्यांना मी एकच विचारतो : पहिली कथा दिग्दर्शित कुणी केली? लखनौला जन्मलेल्या, जेमतेम पंचविशीतल्या वारिस हुसेन यांनी. निर्माती कोण? व्हेरिटी लँबर्ट, त्या काळी तुमच्या नाट्य विभागातली एकमेव बाई निर्माती. ज्यांना बाहेरची माणसं खपत नाहीत त्यांनी १९६३चा पहिला भागसुद्धा पाहू नये.

सेट हलायचे, राक्षस रबरी होते, त्याबद्दलही मला काही म्हणायचं नाही. उलट त्यावर पुढे बोलणार आहे.

माझं म्हणणं दोन भागांच्या तुलनेतून सांगतो. सुतेख. १९७५च्या 'पिरॅमिड्स ऑफ मार्स'मधला खलनायक, आणि २०२४च्या हंगामाच्या शेवटी तुम्ही परत आणलेला. दोन्ही वेळा आवाज गॅब्रिएल वुल्फ यांचाच, आणि नव्वदी ओलांडलेल्या त्या माणसाच्या आवाजातली धार तशीच, हे कौतुक आधी नोंदवतो.

१९७५चा सुतेख जवळपास सगळा वेळ खुर्चीत बसलेला आहे. कैदीच आहे तो, हलता येत नाही. शेवटच्या भागात तो उठतो तेव्हा त्याच्या बुडाखालची उशी सरकू नये म्हणून ती धरून ठेवणारा एका कर्मचाऱ्याचा हात चक्क पडद्यावर दिसतो! आमच्या खात्यात असा माल पहिल्या टेबलावरून परत गेला असता. पण गंमत बघा, तो हात दिसेपर्यंत आपण त्या सुतेखला इतके टरकलेलो असतो की हसू येतं तेही सुटकेचं येतं. का टरकलेलो असतो? कारण त्याआधी तासभर आपण दोन भावांची गोष्ट पाहिलेली असते. मार्कस स्कारमन इजिप्तमध्ये उत्खनन करताना मरतो आणि सुतेख त्याचं प्रेत चालवत इंग्लंडला आणतो. त्याच्या भावाला, लॉरेन्सला, हे कळूनही पटत नाही. भाऊ समोर उभा आहे, चालतोय, बोलतोय. तो त्याला दोघांचा लहानपणीचा फोटो दाखवतो, नावाने हाका मारतो. क्षणभर मार्कसच्या चेहऱ्यावर ओळख उमटते, आणि मग तेच हात भावाच्या खांद्यांवर पडतात. डॉक्टर येतो, प्रेत बघतो, कोरडेपणाने पुढचं बोलू लागतो. त्याची सहप्रवासी सारा त्याच्यावर चिडते. तो म्हणतो, आत्ता अडवलं नाही तर लाखो मरतील. दोघांचंही बरोबर असतं.

त्याच कथेत सारा विचारते, हे १९११ साल आहे आणि मी १९८०ची, माझं जग तर शाबूत आहे, मग आपण निघून का जात नाही? डॉक्टर तिला यानात घालून १९८०मध्ये नेतो आणि दार उघडतो. बाहेर उजाड माती आणि वादळ. मिनिटभराचा प्रसंग, खर्च म्हणाल तर दार आणि धूळ. पण पुढे सुतेख सुटला तर काय होईल हे पुन्हा कुणी सांगावं लागत नाही.

आता २०२४. सुतेख इमारतीएवढा, कुत्र्याच्या तोंडाचा, संगणकावर झकास बनवलेला, कुठेही कुणाचा हात दिसत नाही. तो विश्वातल्या सगळ्यांना मारतो. सगळ्यांना, म्हणजे अक्षरशः सगळे धुळीला मिळतात. आणि तासाच्या आत डॉक्टर त्याला दोरीला बांधून काळाच्या भोवऱ्यातून फरफटत नेतो आणि सगळे जिवंत होतात. लॉरेन्स एकटा मेला तर आम्ही अजून त्याच्याबद्दल बोलतोय. अब्जावधी मेले त्यांतला एक आठवत नाही. (डॉक्टरची सहप्रवासी रुबी, तिची आई शेवटी कुणी देवी-बिवी न निघता साधी बाईच निघाली, ते मात्र मला फार आवडलं. अनेकांची निराशा झाली म्हणे. माझी नाही.)

पैसा वाढला, त्याचा दोष नाही. सुतेख १९७५मध्ये आला तेव्हा तो फक्त त्या गोष्टीतला दुष्ट होता. २०२४मध्ये तो 'आठवतोय का बघा' म्हणून आला. त्याचं येणं हीच गोष्ट झाली, आणि मग गोष्टीला वेगळी माणसं लागेनात. पुढच्याच वर्षी २०२५च्या 'द रिअ‍ॅलिटी वॉर'मध्ये राणी नावाची खलनायिका आली, ती १९८५ची. तिच्यामागून आणखी एक जुना खलनायक, ओमेगा आला, तो पहिल्यांदा दिसला होता 'द थ्री डॉक्टर्स'मध्ये, १९७२च्या डिसेंबरात. ओमेगाने राणीला खाल्लं, डॉक्टरने ओमेगाला परत ढकललं, आणि शेवटी डॉक्टरचं रूप बदललं तर समोर बिली पायपर, म्हणजे २००५ची डॉक्टरची सहप्रवासी रोझ. माझी लेक हे सगळं पाहत होती. तिला नवीन मालिका आवडते, माझ्यासारखी किरकिरी नाही. तिने मोबाईल काढून एकेकाचं नाव शोधायला सुरुवात केली, आणि थोड्या वेळाने मोबाईलच बघत बसली.

यावर माझ्या बायकोचं मत वेगळ्या प्रसंगी आलं होतं. २०२०च्या 'द टाइमलेस चिल्ड्रन'मध्ये तुम्ही सांगितलंत की डॉक्टर हा कुणी साधासुधा पळून आलेला टाइम लॉर्ड नव्हे, तर त्या अख्ख्या जमातीचं मूळच तो आहे, हजार जन्म त्याचे विसरलेले आहेत, वगैरे. ती भाजी निवडत बसली होती, म्हणाली, "हा माणूस दुसऱ्याच्या घरी गेला की किती शहाण्यासारखा वागतो. स्वतःच्या घरचं काढलं की रडतच बसतो." मी पुढे जे लिहिणार आहे ते सगळं या दोन वाक्यांत आलंय, पण तिला पत्र लिहायला वेळ नाही.

१९६३ ते १९६९, मालिकेची पहिली सहा वर्षं, डॉक्टर कुठून आला हे प्रेक्षकांना ठाऊक नव्हतं. टाइम लॉर्ड हे नाव पहिल्यांदा आलं १९६९च्या 'द वॉर गेम्स'मध्ये. त्याच्या ग्रहाचं नाव गॅलिफ्रे, हे कळायला १९७३ उजाडलं. दहा वर्षं मूळ गावाच्या नावावाचून काढली आणि कुणाचं काही अडलं नाही, कारण गोष्ट त्याची नव्हतीच. गोष्ट असायची तो जिथे उतरला तिथल्या लोकांची. तो पाहुणा होता. दार उघडायचं, वास घ्यायचा, इथे काहीतरी बिनसलंय असं म्हणायचं, आणि मग त्या गावचं राजकारण, तिथली भीती, तिथला लोभी माणूस, तिथली धीट पोरगी हळूहळू कळत जायची. पंचवीस मिनिटांचे चार भाग, कधी सहा. पहिला भाग तर बहुतेकदा नुसता गाव दाखवण्यातच जायचा.

असं नव्या मालिकेत होत नाही असं मी म्हटलं तर तुम्ही लगेच माझं तोंड बंद कराल, आणि ज्या भागाने बंद कराल तो माझाही लाडका आहे. २००८चा 'मिडनाइट'. डेव्हिस यांनीच लिहिलेला. एका ग्रहावर पर्यटकांना घेऊन चाललेली गाडी मध्येच बंद पडते, बाहेर पाऊल टाकलं की मरण, आणि काहीतरी आत शिरतं. काय शिरतं ते शेवटपर्यंत दिसत नाही. फक्त एक बाई इतरांचं बोलणं त्यांच्यामागून म्हणू लागते, मग त्यांच्यासोबत, मग त्यांच्याआधी. कसारा घाटात एसटी बंद पडल्यावर तासाभराने प्रवाशांचं जे होतं ते ज्याने पाहिलंय त्याला तो भाग समजावून सांगावा लागत नाही : आधी विनोद, मग डब्यातलं वाटून खाणं, मग ड्रायव्हरवर राग, मग एकमेकांवर. इथे राग वळतो डॉक्टरवर, कारण तो सगळ्यांत हुशार असल्यासारखा बोलतोय. त्याला बाहेर फेकायला निघतात लोक. वाचवते ती गाडीतली होस्टेस, स्वतः जीव देऊन. शेवटी डॉक्टर विचारतो, तिचं नाव काय होतं? कुणालाच माहीत नसतं.

एक सेट. सहा-सात माणसं. शत्रू दाखवलाच नाही. डॉक्टर निव्वळ पाहुणा, तोही नकोसा झालेला. १९७५ची माणसं उठून टाळ्या वाजवतील असा भाग.

आणि मग २०२५मध्ये तुम्ही काय केलंत? 'द वेल' काढलात. पहिला अर्धा भाग उत्तम होता, खरंच. बहिरी आचारीण, तिच्या पाठीमागे काहीतरी आहे, तिच्या मागे जो जाईल तो मरतो. मी खुर्चीच्या कडेला आलो होतो. आणि मग कळतं की हा तोच ग्रह, मिडनाइट, चार लाख वर्षांनंतरचा. डॉक्टरचा चेहरा पडतो, संगीत चढतं. का? त्या आचारिणीची गोष्ट तिच्या पायावर उभी होती की! त्या क्षणापासून ती डॉक्टरच्या आठवणीची गोष्ट झाली, आणि जी भीती नाव नसल्यामुळे होती तिला नाव-पत्ता मिळाला. त्याच हंगामातल्या 'लक्स'मध्ये डॉक्टर पडद्यातून बाहेर येऊन स्वतःच्या चाहत्यांना भेटतो, आणि ते त्याला सांगतात की आमचा आवडता भाग 'ब्लिंक'. हा विनोद तुम्हीच लिहिलात. 'ब्लिंक'मध्ये डॉक्टर जेमतेम काही मिनिटं आहे, बाकी सगळी गोष्ट सॅली स्पॅरो नावाच्या मुलीची. उत्तर तुमच्याच तोंडून आलंय, फक्त कुणी ऐकलं नाही.

डॉक्टर झालेल्या पहिल्या बाईच्या, जोडी व्हिटेकरच्या काळाला लोक नावं ठेवतात. मीही ठेवतो, पण २०१८च्या 'डेमन्स ऑफ द पंजाब'साठी मी तिच्या वाट्याचं भांडण कुणाशीही करीन. विनय पटेल यांनी लिहिलेला. ऑगस्ट १९४७, मुसलमान उंब्रीन आणि हिंदू प्रेम यांचं लग्न, आणि दुसरीकडे सरहद्द आखली जातेय. चित्रीकरण स्पेनमध्ये झालंय, त्यामुळे माती आणि झाडं पाहून आपल्याला थोडं खटकतं, ते सोडा. अंतराळातून आलेले दोघे भयानक दिसणारे मारेकरी वाटतात, आणि निघतात कोण? जे एकाकी मरतात त्यांच्या मरणाला साक्षी राहणारे. ते काहीच करत नाहीत. जे करायचं ते माणसंच करतात, आणि प्रेमला मारणाऱ्यांना वाट दाखवणारा त्याचा सख्खा भाऊ असतो. डॉक्टरला हात जोडून मागे सरावं लागतं.

हा भाग मी देवळालीच्या एका मित्राकडे पाहिला. देवळालीत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं आहेत, त्यांतलं त्याचं एक. एरवी तो अंतराळ-बिंतराळ म्हटलं की उठून जाणारा माणूस. भाग संपल्यावर त्याने एवढंच विचारलं, "हे लंडनच्या लोकांनी बनवलंय?" आणि मग आजोबांनी कराचीत मागे ठेवलेल्या दुकानाबद्दल जे सांगितलं ते इतक्या वर्षांच्या ओळखीत कधी सांगितलं नव्हतं. तिथे सायबरमन नावाचे डॉक्टरचे जुने शत्रू आले असते, किंवा उंब्रीन ही कुणा टाइम लॉर्डची नात निघाली असती, तर तो उठून चहा ठेवायला गेला असता.

म्हणून जुनं विरुद्ध नवं असं हे नाहीच. रोग नवा असता तर मी म्हटलं असतं, काळ बदलला, चालायचंच. पण हा रोग जुनाच आहे, आणि तुमच्या दप्तरी त्याची नोंद आहे. १९८३चा विसावा हंगाम आठवा. ठरवून प्रत्येक कथेत मागचं काहीतरी आणलं होतं. सुरुवातच 'आर्क ऑफ इन्फिनिटी'ने, आणि त्यात कोण? ओमेगा! १९८५च्या 'अटॅक ऑफ द सायबरमेन'ला तर १९६६ आणि १९६७च्या कथा पाठ असल्याशिवाय अर्थच लागत नाही, आणि तेव्हा त्या पुन्हा पाहायची सोयही नव्हती. घरचे खूश, बाहेरचे गोंधळलेले. त्याच वर्षी मालिका दीड वर्षासाठी थांबवली आणि १९८९मध्ये बंद केली. बंद पडायला वरिष्ठांची नावड, पैसा, वेळ, बरीच कारणं होती, सगळं खापर ओमेगावर फोडत नाही. पण ज्या ओमेगाने तेव्हा प्रेक्षक आणले नाहीत तो आता आणील, हे गणित कुणी मांडलं त्याला एकदा भेटायचंय.

जुन्याचे दोषही सांगतो, नाहीतर आंधळा भक्त ठरेन. सहा भागांच्या कथांत मधले दोन भाग पकडलं-सुटलो-पुन्हा पकडलं यातच जातात. बायकांच्या वाट्याला किंचाळणं आणि घोटा मुरगळणं. १९७७ची 'द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग' लिखाणात अप्रतिम आहे, पण चिनी माणसाच्या मुख्य भूमिकेत चिनी दिसावा म्हणून मेकअप केलेला गोरा नट, आणि ते पाहताना लेकीसमोर मला शरमायला झालं. ते काही परत नको.

विज्ञानाबद्दल थोडं. नाशिककर म्हणून मला ते बोलायचा हक्क आहे. डिसेंबर २०२१मध्ये इथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, पण एका खगोलशास्त्रज्ञाला, विज्ञानकथा लिहिणाऱ्याला तो मान मिळाला आणि तो आमच्या गावच्या संमेलनात मिळाला. मे २०२५मध्ये ते गेले. त्यांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉयल यांनी १९६१मध्ये तुमच्याच बीबीसीसाठी 'ए फॉर अँड्रोमेडा' ही मालिका जॉन इलियट यांच्याबरोबर लिहिली होती, डॉक्टरच्या दोन वर्षं आधी. म्हणजे सोयरीक जुनी आहे.

नारळीकर वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला विज्ञानकथेत एक सवय लागलेली असते : नियम आधी सांगा, मग त्यात माणसाला अडकवा. तुमच्या जुन्या मंडळींनाही ती होती. डॉक्टरचे पहिले सहप्रवासी कोण होते? एक विज्ञानाचा शिक्षक, एक इतिहासाची शिक्षिका. सायबरमन कुणाच्या डोक्यातून आले? किट पेडलर या वैद्यकीय संशोधकाच्या, गेरी डेव्हिस यांच्या साथीने. माणसाचा एकेक अवयव बदलत गेलो तर माणूस कुठे संपतो, ही त्यांची काळजी. हे १९६६मध्ये, माणसाचं पहिलं हृदयरोपण व्हायच्या आधी. आज पडद्यावर काय आहे? देवांचं मंडळ. खेळांचा देव, संगीताचा देव, मृत्यूचा देव. टाळी वाजवली की जग बदलतं, आणि उलटी वाजवली की जागेवर येतं. देवांच्या गोष्टी आम्हाला कमी आहेत का? पंचवटीत पावलोपावली आहेत, आणि त्यांचे नियम तुमच्यापेक्षा कडक आहेत.

आता ते हलणारे सेट. मी टूलरूममध्येही काही काळ काढलाय, त्यामुळे डॉक्टरचा जुना शत्रू डालेक पाहिला की मला रेमंड कुसिक यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात. टेरी नेशन यांनी कल्पना लिहिली, रूप दिलं कुसिक यांनी. आत माणूस बसलेला, पायांनी ढकलत चाललेला, खाली चाकं, पुढे नळ तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप. पण पाय दिसत नाहीत, चेहरा दिसत नाही, म्हणून तो माणसासारखा वाटतच नाही. पैसा नव्हता म्हणून डोकं चालवलं. पिआनोच्या तारेवर घराची किल्ली घासून यानाचा आवाज काढला, ब्रायन हॉजसन यांनी, आणि तो तुम्हाला आजही बदलता आलेला नाही. डीलिया डर्बिशायर यांनी रॉन ग्रेनर यांच्या सुरावटीवर टेपचे तुकडे कापून-जोडून शीर्षकसंगीत केलं, तेही तसंच. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, आनंदाची गोष्ट म्हणून सांगतोय : डिस्नेचा पैसा गेला याचं दुःख तुमचा हिशेब विभाग करील. लेखकांनी करू नये.

जुन्या भागांचं तुम्ही काय केलंत हे मात्र माझ्या मनातून जात नाही. टेप महाग होत्या, पुनःप्रक्षेपणाचे करार अडचणीचे होते, म्हणून साठच्या दशकातले भाग पुसले, प्रती जाळल्या. आजही नव्वदहून जास्त भाग गायब आहेत. २०१३मध्ये नऊ भाग नायजेरियात सापडले, बाकीच्यांचा फक्त आवाज उरलाय, कारण घरोघरी पोरांनी टीव्हीसमोर माइक धरून ते टेप केले होते. मी तुम्हाला नावं ठेवायला धजत नाही. दादासाहेब फाळके आमच्या त्र्यंबकेश्वरचे, १९४४मध्ये नाशिकमध्येच वारले, आणि त्यांच्या १९१३च्या पहिल्या चित्रपटाची मोजकी रिळं उरलीत. ते राखण्यात आमच्याही हातून कसूर झालीच. फरक एवढाच की तुमच्याकडे जे उरलंय ते भरपूर आहे, आणि ते आम्हाला बघता येत नाही.

ही माझी रोकडी मागणी. नोव्हेंबर २०२३मध्ये तुम्ही आठशेच्या वर भाग आयप्लेअर या तुमच्या ऑनलाइन सेवेवर टाकलेत, फक्त ब्रिटनमध्ये. इथे नाशिकमध्ये पैसे द्यायची तयारी असूनही सगळे जुने भाग एका जागी, रीतसर, सलग बघायची सोय नाही. नव्या भागात सुतेख, ओमेगा, राणी आणता, आणि ते मुळात कोण होते हे बघायचं दार आमच्यासाठी बंद ठेवता. एकतर दार उघडा, नाहीतर त्यांना बोलावू नका.

आणि नव्या मालिकेसाठी : चार भागांची एक तरी कथा करून बघा, सलग चार आठवडे, एकाच गावात. डॉक्टरला कुणी ओळखत नाही अशा गावात. मागच्या साठ वर्षांतलं एकही नाव घ्यायचं नाही, एवढीच अट घाला लेखकाला. मोठ्या लेखकालाही घाला, त्यालाच जास्त घाला. एखादा भाग फसेल. 'पिरॅमिड्स'च्या आसपासही फसलेले आहेत, कुणाला आठवत नाहीत.

बिली पायपर डॉक्टर आहे, रोझ आहे की आणखी कुणी, हे नाताळच्या भागात पहिल्या दहा मिनिटांत उरका. मग यानाचं दार उघडा आणि बाहेर कोण राहतं ते दाखवा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
सातपूरचा एक प्रेक्षक
नाशिक

ता. क. : त्या आठशे भागांत १९६३ची पहिलीच कथा नव्हती, लेखकाच्या वारसांशी हक्कांवरून बिनसलं म्हणून. वारसांशी बोलून ते एकदाचं मिटवा. वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केलेला पहिला भाग बघता येत नसेल तर बाकीचे आठशे आम्ही कुठून सुरू करायचे?